मार्चमधला चिखल

रिचमंडात कुणीतरी नकाशावर रेघ ओढली.
ओढणाऱ्याला ठाऊक नसावं
की मॅटोक ओढा दर हिवाळ्यात कूस बदलतो.

शिरगणती झाली, व्हर्जिनियाच्या दहा जागांच्या एकोणीस झाल्या,
आणि ओढ्याकाठचे सगळे
आमच्या कचेरीच्या वाट्याला आले.
ज्यांना आम्ही कधी लग्नाला बोलावलं नव्हतं,
ज्यांची डुकरं आमच्या मक्यात शिरली
की आम्ही दगड मारायचो,
ती माणसं आता आमची.

मी मतांची वही लिहितो.
दिवसाचे सहा शिलिंग, जेवण वेगळं.
पानाच्या मधोमध उभी रेघ
(एक रेघ माझीही आहेच),
डावीकडे कर्नल ब्लॉक्सम, उजवीकडे वकील डेंजरफील्ड.
दोघंही न्यायाधीशांच्या बाकावर, शेरीफच्या दोन अंगांना,
रुसलेल्या व्याह्यांसारखे अवघडून.

माणूस येतो, जमीन आपल्या नावावर असल्याची शपथ घेतो
आणि मोठ्यानं एक नाव उच्चारतो.
इथे मत झाकून ठेवायची सोय नाही.
सावकार ऐकतो, सासरा ऐकतो,
ज्याचं नाव घेतलं तो उठून झुकतो,
“आभारी आहे, हे मी विसरणार नाही,”
आणि अंगणातल्या पिंपातला एक पेला कमी होतो.
ज्याचं नाव घेतलं नाही
तोही विसरणार नसतो.

दिवस कलला. एकशे चाळीस, एकशे सदतीस.
शेरीफ दार लावा म्हणणार, इतक्यात
हेझेकाया ट्रिग आला, टोपी हातात,
घोडा वाटेत लंगडला म्हणून पायीच.
“सकाळी जुन्या कचेरीत गेलो होतो.
बापानं तिथंच मत दिलं, मीही तिथंच.
ते म्हणाले, तू आता इथला नाहीस.
म्हटलं, मी तर हललोच नाही.
ते म्हणाले, रेघ हलली.”

कुणाला मत, ट्रिग?
त्यानं कुणा अ‍ॅप्सलीचं नाव घेतलं.
तो तिकडे उभा आहे, शेरीफ म्हणाला, ओढ्यापलीकडे.
“मग इथे कोण आहे?”
लोक खो खो हसले. पिंपाजवळचे जास्त.
ट्रिग हसला नाही. अकरा मैल जाऊन
अकरा मैल परत आला होता.
“या दोघांना मी ओळखत नाही.
जो माझ्यासारखा चिखलातून आला असेल, त्याला द्या.”

कर्नलनं पाय आत ओढला.
डेंजरफील्डनं खाली असं पाहिलं
जणू बूट दुसऱ्याच कुणाचे.
सगळी कचेरी वाकून बाकाखाली बघत होती.

मी दाराशी बसतो, उजेडासाठी.
बाहेर जूबा उभा होता, कर्नलच्या घोड्यांचे लगाम धरून,
सकाळपासून, अनवाणी,
मांडीपर्यंत चिखल वाळून भेगाळलेला.
ओढ्याला पाणी होतं, घोडे बुजत होते,
कर्नलला त्यानंच पाठीवर घेऊन पार केलं होतं.
शिरगणतीच्या वहीतही हात माझाच होता.
जूबासारखे पाच लिहिले की तीन धरायचे.
अशा कितीतरी अपूर्णांकांची बेरीज होऊन
आमच्या जागा वाढल्या.

“नाव घ्या ट्रिग, नाव. चिखलाला मत देता येत नाही.”
ट्रिगनं दोघांकडे पाहिलं, मग पिंपाकडे.
“पहिला कोण? ब्लॉक्सम? मग ब्लॉक्सम.”
कर्नल उठला, झुकला,
हे मी विसरणार नाही म्हणाला.

मी लिहिलं. डावीकडे. एकशे एक्केचाळीस.
हवा दमट होती, शाई लवकर वाळेना.

रात्री बेरीज तपासताना
उभ्या रेघेवर चिखलाचा एक ठिपका दिसला,
ट्रिगच्या बाहीचा असेल, कुणाचाही असेल,
धड डावीकडे नाही, धड उजवीकडे नाही.
वही स्वच्छ जायला हवी.
चाकूनं खरवडला.
कागद तेवढ्यापुरता पातळ झालाय;
दिव्यासमोर धरला तर दिसतं.